वाडग्यातलं फूल

ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. इमासचं मूल कुठे जन्मणार हे बघायला अख्खं गाव लोटलं होतं, आणि मधोमध चटईवर पोट सावरत बसलेल्या इमासला कोणी काही विचारत नव्हतं.

अबा सारिप या गावच्या जाणत्या वैदूने दोन वाडग्यांत पाणी ओतून प्रत्येकात एकेक वाळकं, मुठीसारखं आवळलेलं वाळवंटी फूल सोडलं.

"हा वाडगा घराचा, हा गारुतच्या दवाखान्याचा. जिथलं फूल उमलेल तिथंच बाळ सुखरूप जन्मेल. फुलाला खोटं बोलता येत नाही."

अबांना स्वतःला मात्र ते उत्तम जमत होतं.

बायका प्रार्थना पुटपुटत राहिल्या आणि घराचं फूल हळूहळू काड्या पसरून उमललं. दवाखान्याचं मख्खपणे मिटून पडून राहिलं.

"पण बाळ आडवं आहे," इमास म्हणाली. "नर्सबाई म्हणाल्या, घरी थांबलीस तर दोघंही जाल."

"नर्सबाईंना सगळं आडवंच दिसतं." अबांच्या बोलण्यावर ओसरी हसली.

इमासने नवऱ्याकडे पाहिलं. असेप स्वतःच्या पायांचे अंगठे बघत होता. पुढच्या दारात पुरुष, मागच्या दारात शेजारणी. आपल्याला इथून बाहेर पडताच येणार नाही, असं तिला वाटलं.

"पोरी, मोठ्यांनी ठरवलंय," सगळे जिला एमा, म्हणजे आई, म्हणत ती तिची सासू इचिह म्हणाली. "फुलांची माफी माग आणि आत चल."

माफी मागायला इमासने आधी दवाखान्याचं मिटलेलं फूल उचलून कपाळाला लावलं, आणि थबकली. मेणाचा वास.

गावातल्या घराघरांत कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढून मग रंग चढवतात. मेण लागलं तिथे रंगाचं पाणी शिरत नाही. सगळ्या गावालाच तो वास, म्हणून कोणाच्या नाकाला कळला नव्हता. पोटुशी असल्यापासून नर्सबाईंनी मेणाच्या धुरापासून लांब ठेवलेल्या इमासला मात्र लगेच कळला.

"एमा, कापडावरचं मेण आपण कसं काढतो?"

"उकळत्या पाण्यात. हे काय मधेच?"

"मग हे फूल टाका त्यात."

"शाप लागेल," अबा झटकन म्हणाले आणि हात पुढे केला. पण म्हातारीने सुनेच्या हातून फूल घेऊन आधीच नाकाशी नेलं होतं. जन्म मेणात गेलेली बाई ती. ती तडक चुलीपाशी गेली.

उकळत्या पातेल्यात फूल पडलं आणि मेणाचा तवंग वर आला. मग एकेक काडी सुटत गेली आणि दवाखान्याचंही फूल उमललं.

इमास खांब धरून उभी राहिली. "हे फूल म्हणजे कधीच मेलेलं झाड, मावश्यांनो. पाणी शिरलं की काड्या फुगून पसरतात, मेण लावलं की शिरत नाही, एवढंच. माझ्या पोटातलं त्याला काय कळणार? पोट तपासलंय ते नर्सबाईंनी. उद्या तुमच्या लेकी इथं बसतील, तेव्हा वाडग्याला विचारू नका. जिने हात लावून पाहिलंय, तिला विचारा."

अबा चपला शोधत होते.

"असेप, अंगठे नंतर बघ, गाडी काढ," एमा म्हणाली. पुढच्या दारातली माणसं अजून तशीच उभी होती. म्हातारीने सुनेचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"बघायला आलात ना? मग आता हिला उचलायला या."

तेव्हा कुठे दारातली माणसं हलली.