हत्तीच्या वाटेवरची मधाळी

भाद्रपदाचं ऊन. धुतलेलं, हळदुवं, ओल्या रानावर अंग टाकून पडलेलं. तिलारीच्या खोऱ्यावरून ढगांनी आपला पसारा आवरलेला, आणि तेरड्याने उतारांवर गुलाबी मुक्काम टाकलेला.

अशा त्या सुवर्णकोवळ्या सकाळी एका घराच्या परसात मात्र ऊन जरा जास्तच पडत होतं. नको तितकं. जिथे आजवर सावली नांदली, तिथे आता नुसतं आकाश उभं होतं. उघडं, निळं, आणि थोडं ओशाळलेलं.

तिथे मधाळी होती. बरक्या फणसाचं झाड. घनपर्णा, बहुप्रसवा, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लेकुरवाळी. वैशाखात तिचा गंध असा सुटे, की वाटेने जाणारी माणसं उगीचच दारात येऊन तब्येतीची चौकशी करत. मग तेल चोळलेले हात, चिकाने माखलेले कोयते, मधाने मिटलेले ओठ. मग सोनसळी गऱ्यांनी भरलेली परात, आणि परातीभोवती हसणारी ती सारी माणसं, जी एकेक करून उठून गेली, ती गेलीच.

उरल्या दोघी जावा. थोरली चंद्रावती, धाकटी सुगंधा. नवरे सख्खे भाऊ, दोघेही देवाघरी. घर वाटलेलं, चूल वाटलेली, अबोलाही अधूनमधून समसमान वाटून घेतलेला. झाड तेवढं वाटता येईना. म्हणून त्यांची एक रीत होती: चैत्रात फणस धरले, की देठादेठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. थोरलीची हिरवी, धाकटीची निळी. चिंध्यांनी सजलेली मधाळी मग दोन्ही घरची लाडकी सून होऊन मिरवत राही.

तरी सुगंधाची तक्रार जन्माची. "वयनीचे फणस ग्वाड, माझे पाणचट!" मूळ एक, खोड एक, रस एक, पण वाटणी झाली की गोडी पलीकडच्याच ताटात जाते, त्याला झाड तरी काय करणार?

आणि गऱ्यांतल्या बिया, आठळ्या! लाल मातीत घोळवून कोपऱ्यात रचून ठेवायच्या, आणि पाऊसभर खायच्या. निखाऱ्यात भाजून, मिठात उकडून, अळवाच्या फतफत्यात घालून. दरवर्षी, शेवटच्या आठळीपर्यंत. पेरायची कुणी? दारात उभं आहे ते झाड पुन्हा कशाला पेरायचं?

श्रावणातल्या एका वाऱ्याने मधाळी आडवी झाली. त्या वेळी थोरलीच्या चुलीवर अळू रटरटत होतं, आणि त्यात तिच्याकडच्या शेवटच्या मूठभर आठळ्या मऊ होत होत्या. ती भिंतीपलीकडे धावली.

"गो, तुझ्याकडे आठळ्यो आसत मा?"

"नाय गो. माका वाटला, तुझ्याकडे असतल्यो."

दोघींमधली भिंत त्या दिवशी पहिल्यांदा निरुपयोगी झाली. तिच्या दोन्ही बाजूंना एकच शांतता होती.

मधाळीचं बी जगात उरलं नव्हतं. थोरलीचं जेवण तुटलं. तिला झुडपाएवढं, पानाएवढं, निदान बोटाएवढं तरी काही हिरवं हवं होतं, ज्याला मधाळी म्हणून हाक मारता येईल. आणि आज या पिवळ्या उन्हात तिला तो आठवला. मेघश्याम, गजगंभीर, शूर्पकर्ण. ज्येष्ठात येऊन खालचे फणस बिनदिक्कत खाऊन गेलेला तो चोर, ज्याला दोघींनी एकसुरात शिव्या घातल्या होत्या. तिने टोपली उचलली.

"खंय चललंस?"

"हत्तीचा शेण बघूक."

"लोकां हसतली गो, वयनी!"

"हसांदेत. खाल्ल्यान, मगे टाकल्यान नसतलो? त्याच्या पोटाक काय कुलूप आसा?"

सुगंधा हसली, पण चपला घालून मागोमाग निघाली.

ओहोळ ओलांडून, मोडलेल्या बांबूंच्या, घासल्या गेलेल्या खोडांच्या खुणा बघत त्या चढल्या. आणि कातळाच्या आडोशाला, पावसाचा मारा चुकलेल्या एका घळीत, थबकल्या. शेणाचे जुने गोळे विसकटून तंतुमय गादी झाली होती. आणि त्या गादीतून वितभर उंचीची, जाड, तुकतुकीत, पाचूपानी बाळं वर आलेली. फणसाची रोपं! एकमेकांना खेटून, जणू शाळा सुटायची वाट बघत उभी.

पण कुणाची? हत्ती काय एकाच घरी जेवला होता? वाटेत किती परसं, किती फणस. थोरलीचा चेहरा पडला. ती गुडघे टेकून बसली, बोटांनी ती गादी उलगडू लागली. एक रोप. दुसरं. आणि मग मुळांच्या जाळ्यात गुरफटलेलं, मळलेलं, तरी निळं, काहीतरी.

"माझा लुगडा!" सुगंधा किंचाळली. "मेल्यान देठासकट गिळल्यान! तुझे सोडल्यान आणि माझोच खाल्ल्यान!"

थोरलीने तो निळा धागा मुळांतून सोडवला नाही. त्यावर तशीच हात ठेवून बसली. कितीतरी वैशाख तिच्या डोळ्यांतून संथ वाहिले.

"ग्वाड होतो म्हणान," ती हळूच म्हणाली.

सुगंधाच्या तोंडातलं पुढचं भांडण तिथेच विरघळलं.

मग दोघींनी मिळून एक रोप उचललं; मुळाला धक्का न लावता, शेणामातीच्या अख्ख्या ढेपेसकट, बाळंतिणीजवळून बाळ उचलावं तसं. बाकीची तिथेच ठेवली, रानाला. ढेप टोपलीत बसली, टोपली थोरलीच्या डोक्यावर. कुणाच्या दारात लावायचं, हे कुणी विचारलं नाही. शेणाचं काळसर पाणी थोरलीच्या कपाळावरून ओघळलं, आणि मागून चालणाऱ्या सुगंधाने ते आपल्या पदराने पुसलं.

घळीत उरलेली रोपं वाऱ्यावर डोलत राहिली. आणि वाटेवर एक रोप, एका म्हातारीच्या माथ्यावर, दोन पानं उन्हाला दाखवत, डोलत चाललं. हळू, हळू, उतारावरून, ओहोळातून, घराकडे.