ताप नव्हता

केळीचा ट्रक भरून रावेरहून निघाला तेव्हा नाना खोकत होते. जळगावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या त्यांच्या लेकीने, रूपाने, त्यांच्या काखेत थर्मामीटर लावला. ताप नव्हता. "तुही प्रयोगशाळा आता माह्या काखेत का?" नाना हसले. ती निर्धास्त होऊन परतली. चार दिवसांनी ते न्यूमोनियाने गेले.

दहावं झालं. आई ज्वारी निवडत म्हणाली, "ताप तं नव्हता. तुले तरी कसं कयीन?" येणारे-जाणारे सगळे हेच म्हणत होते. रूपा मान हलवत होती, जेवत होती, झोपत होती. रडू मात्र येत नव्हतं.

या वेळी तिने मान हलवली नाही.

"मला कळायला हवं होतं, आई. फुफ्फुसात जंतू शिरले की तिथल्या भक्षक पेशी एक प्रथिन सोडतात. त्या हाकेने बाकीच्या पेशी धावून येतात, तापही चढतो. नानांचं सांधेदुखीचं इंजेक्शन तेच प्रथिन अडवायचं. मी हे वर्गात शिकवते. तरी ताप नाही म्हणून मी त्यांना घरी ठेवून निघून गेले."