मोबाइलवाली साइट

दर्शनाने फोन कानापासून हातभर लांब धरला. पलीकडून प्रीतमची बायको बोलत होती, आणि ती बोलायला लागली की स्पीकर लावायची गरज नसे.

"वर्ष होत आलं आमच्या लग्नाला! अजून याच्यासाठी मुलींच्या आयांचे फोन येतायत. काल एकीने मलाच विचारलं, तुम्ही मुलाची बहीण का?"

"सॉरी ताई. आत्ता काढते नाव."

"मागच्या वेळी पण काढते म्हणालात ना!"

मागच्या वेळी दर्शनाने ते खरंच काढलं होतं, पण फक्त कम्प्युटरच्या साइटवरून. मोबाइलच्या साइटवर प्रीतम तसाच बिनलग्नाचा राहिला होता. घाटकोपरच्या पंतनगरातल्या या वधू-वर सूचक केंद्राच्या कालपर्यंत दोन साइट होत्या. नवं नाव आलं की दोन्हीकडे भरा, फोटो दोन्हीकडे चढवा, जमलं की दोन्हीकडून पुसा. आजच्या काळात असं कोण करतं? एकच साइट बनवायची, समोर जेवढी स्क्रीन असेल तेवढी ती आपोआप लहानमोठी होते. हे दर्शनाने द्रौपदीताईंना इतक्यांदा सांगितलं होतं की भिंतीने ऐकलं असतं, पण केंद्र भिंतीचं नव्हतं, ताईंचं होतं.

"वेगळी आहे ती वेगळीच राहू दे," ताई म्हणत.

"पण का?"

"मोबाइलवर पोरी बघतात. कम्प्युटरवर त्यांचे बाप."

"बापांकडे पण मोबाइल असतो ना, ताई!"

"असतो. गुड मॉर्निंग पाठवायला."

मोबाइलच्या साइटवर 'माझं म्हणणं' नावाची एक जादा चौकट होती. मुलामुलींनी ती आपली आपण भरायची. बाकीची माहिती आईवडील केंद्रात येऊन सांगत, ती कम्प्युटरवर जाई. दर्शनाला हा शुद्ध खुळचटपणा वाटायचा. एकाच माणसाची माहिती दोन ठिकाणी दोन तऱ्हेची कशी असेल? शेवटी वैतागून तिने ताईंना न विचारता दोन्हींची मिळून एक साइट केली आणि काल चढवून टाकली. एकदा चालू झाली की ताईंनाही पटेल, असा तिचा हिशेब होता. आता तिने प्रीतमचं नाव पुसलं, एकदाच, आणि तिला फार बरं वाटलं.

"जय भीम, ताई."

भाऊराव आले होते. बेस्टच्या डेपोतून निवृत्त झालेला माणूस, बायको गेल्यापासून घरात ते आणि मुलगी संघमित्रा, दोघंच. दर रविवारी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रात येत आणि कोपऱ्यातल्या कम्प्युटरसमोर बसत. आधी मुलीचं पान उघडून तिचा फोटो बघत, मग मुलांची पानं. मुलाकडचं कुणी तिथे भेटलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे. मागे काही जबाबदारी नाही हो, पोरीचं लग्न झालं की मी गावी जाणार. जालन्याकडच्या त्यांच्या घराच्या दोनच भिंती उभ्या आहेत हे ताईंना माहीत होतं. पण त्या कधी बोलल्या नव्हत्या.

ताई चहा घेऊन आल्या तेव्हा भाऊरावांचा हात माऊसवर तसाच थांबलेला होता.

दर्शनाने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. साइट सुरेख दिसत होती. फोटो, शिक्षण, नोकरी, आणि त्याखाली भाऊरावांनी लिहायला सांगितलेली ओळ: वडील निवृत्त, लग्नानंतर गावी स्थायिक होणार. तिच्या बरोब्बर खाली 'माझं म्हणणं' आलं होतं.

'बाबा गावी जाणार असं सगळ्यांना सांगतात. ते कुठेही जाणार नाहीत, माझ्याजवळ राहतील. ज्याला हे चालेल त्यानेच पुढे बोलावं.'

ताईंनी चहा टेबलावर ठेवला.

"वेगळी राहू दे म्हटलं होतं ना गं मी?" त्या हळूच म्हणाल्या.

दर्शनाकडे एरवी या विषयावर तासभर बोलण्याइतका ऐवज होता. आज तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे तिने लिहिलंय?" भाऊरावांनी विचारलं.

"हो, काका."

"कधी?"

"नाव नोंदवलं तेव्हाच," ताई म्हणाल्या.

भाऊरावांनी ती ओळ पुन्हा वाचली. ओठ हलत होते.

"तरीच म्हटलं, पोरांचे फोन का येईनात," ते म्हणाले आणि हसायला गेले, पण हसू काही नीट आलं नाही. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. "ताई, मी हे वाचलं ते तिला कळू देऊ नका."

"का पण, काका?" दर्शनाला राहवलं नाही. "तुम्ही राहावं असंच तर म्हणतेय ती."

"म्हणूनच, पोरी. मी वाचलं असं तिला कळलं, तर मला नाही म्हणावं लागेल."

मग दर्शनाने आपला लॅपटॉप पुढे ओढला. दोन महिने खपून केलेली एकत्र साइट तिने खाली उतरवली आणि जुन्या दोन्ही पुन्हा चालू केल्या. प्रीतम मोबाइलवर परत बिनलग्नाचा झाला. तिथून तिने त्याला वेगळा पुसला, न कुरकुरता.

"आता बघा, काका."

भाऊरावांनी पान पुन्हा उघडलं. संघमित्राचा फोटो, शिक्षण, नोकरी. वडील निवृत्त, लग्नानंतर गावी स्थायिक होणार. त्याखाली काही नव्हतं.

"झकास," ते म्हणाले. पण उठले नाहीत. चहा थंड होत होता. मुलांची पानंही त्यांनी उघडली नाहीत. ताई उगाचच कपाटातल्या फायली नीट लावत राहिल्या.

मग भाऊरावांनी शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला आणि ताईंकडे न बघता दर्शनापुढे धरला.

"ती मोबाइलवाली साइट यात लावून दे," ते म्हणाले. "अक्षरं जरा मोठी कर."