पिंपळाचा मामा

मोटारी म्हणे थेट देवळाच्या दारात यायला हव्यात! यात्रेकरूंचे पाय काय मोडलेत? तळेगावातल्या आमच्या देवळापुढचा पार आणि त्यावरचा पिंपळ तोडायचं फर्मान घेऊन पुण्याहून आगाशे ओव्हरसियर आले, आणि पारावर चुन्याच्या फुल्या मारून मोकळे झाले. माझं डोकंच फिरलं. लग्न होऊन आळीत आले तेव्हापासून त्या पिंपळाला पाणी मी घालते. आमच्या घरात काही पाळणा हलला नाही. बारशाला बायका बोलवायच्या आणि मला मागे बसवायच्या. मग मी उठून पारावर यायची. तोच गेला तर मी जाऊ कुठं?

अर्ज झाले. आमच्या ह्यांनी इंग्रजी फाडून पाहिलं. कशाचा काही उपयोग नाही. म्हटलं, थांबा मेल्यांनो! मुंज लागलेल्या पिंपळाला हात लावायची कुणाची छाती आहे ते बघतेच.

तडक गेले ओव्हरसियरांकडे. "आळीतल्या एका पोरक्या पोराची मुंज करतोय. मला भाऊ नाही. तुम्ही मामा व्हाल?"

बिचारे विरघळले. "अहो ताई, आनंदाने!"

मुंजीच्या सकाळी सनई लागली आणि सगळी आळी पदराआड खुसखुसायला लागली. आगाशे जरीची टोपी घालून, भाच्यासाठी चांदीची वाटी घेऊन हजर! "कुठाय बटू?"

मी बोट दाखवलं. पिंपळाला लंगोटी नेसवलेली, मुंडावळ्या बांधलेल्या. झाड तोडायला आणलेला सोपान हसून हसून खाली बसला. "सायेब, आता न्हाई जमायचं बगा. मुंज्या मानगुटीवर बसंल!"

आगाशे लालबुंद झाले. त्यांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा हातातल्या वाटीकडे, आणि असे हसत सुटले की टोपी पडली.

"भाचा मामाच्या मुळावर येतो म्हणतात. इथं मामाच भाच्याच्या मुळावर आला होता की हो! सोपान, पूस त्या फुल्या. रस्ता वेशीपर्यंतच, वर काय लिहायचं ते मी बघतो."

अगं बाई! मला तर फुगडीच घालावीशी वाटली. तेवढ्यात भटजींनी ताट मांडलं. "मातृभोजन. बटूची आई कुठाय?"

सगळा घाट मीच घातलेला, पण हे काही डोक्यात आलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी सवयीने मागे सरकले.

"भटजी," आगाशे म्हणाले, "मी मामा झालो, तो ह्यांचा भाऊ म्हणून. मग आई काय पंचांगात शोधणार?"

मी ताटावर बसले. पहिला घास त्याच्या बुंध्याशी ठेवला, दुसरा मी घेतला, आणि डोळ्यांना जी धार लागली ती थांबेना.

"आटपा, मुहूर्त टळतोय," भटजी पुटपुटले.

"टळू दे!" मी म्हणाले. "माझा मुलगा जेवतोय."