खोपट पहिलं, दोन हजर

'ठीक' हा शब्द मी तोंडातून काढत नाही. "कसं काय सुभेदार?" असं कुणी विचारलं तर "रेटतोय" म्हणतो, नाहीतर सरळ पाठ फिरवतो. लोकांना वाटतं म्हातारा तिरसट आहे. तो आहेच. पण या शब्दाचं कारण वेगळं आहे, आणि ते एकदा सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलोय.

मी दस्तगीर, जुन्नरच्या कागदी आळीतला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांचे हात कागदाच्या लगद्यात. मी एकटाच हात धुऊन पलटणीत पळालो. शिपाई म्हणून लागलो, सुभेदार होऊन परतलो, मधे एकतीस वर्षं गेली. एडन पाहिलं, बर्मा पाहिला, घर तेवढं पाहायचं राहिलं. पेन्शन घेऊन आलो तेव्हा माझी बायको ताजबी दारात उभी होती. तिचे केस पांढरे झाले होते आणि हे मला कुणी कळवलं नव्हतं.

दोन महिन्यांत मी आळीला वैताग आणला. बोळ झाडलेला नाही, विहिरीवर रांग नाही, माणसं उन्हं वर येईस्तोवर पसरलेली. ताजबी म्हणायची, "ही पलटण न्हाई. माणसं हाईत." आळीतले लोक माझ्यामागं मला फुकटफौजदार म्हणत, आणि मला ते ठाऊक होतं.

मग थंडीत गाठीची, प्लेगची साथ आली. तिसऱ्यांदा आली. घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडून रानात राहायला जायचं, हे एव्हाना सगळ्यांना अंगवळणी पडलं होतं. कुकडी नदीपलीकडं, शेजारच्या आळीतल्या सोपानच्या शेतात एकतीस खोपटं उभी राहिली. आमचे कागदी आणि शेजारच्या आळीतली कुणब्यांची घरं, सगळी सरमिसळ. लोक साथीला भीत होतेच, पण त्याहून जास्त तपासणीला भीत होते. मागच्या साथीत आजारी माणसं उचलून पत्र्याच्या शेडमध्ये नेली होती, त्यांतलं एकही परत आलं नव्हतं. घरच्यांना दहा दिवस कोंडलं होतं, बायाबापड्यांच्या काखा परक्या पुरुषांनी चाचपल्या होत्या, आणि अंथरुणापांघरुणांची होळी केली होती.

छातीवर बिल्ले लावून मी कचेरीत गेलो. साहेबाला म्हणालो, आमची छावणी आम्ही सांभाळतो. साहेब भला माणूस. म्हणाला, "सुभेदार, तुमचा शब्द असेल तर माझी माणसं येणार नाहीत. रोज सकाळी तुमच्या सहीची चिठ्ठी आली पाहिजे. एक जरी आजारी निघाला तर तसं लिहायचं. मग डॉक्टर येईल, आणि डॉक्टर आला की प्रत्येक खोपट तपासलं जाईल." मी शब्द दिला. पगार नाही, हुद्दा नाही, पण फुकटफौजदाराला शेवटी फौज मिळाली. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

दुसऱ्याच दिवशी मी खोपटांना नंबर दिले. शेताच्या कडेनं दोरी बांधली. ओढ्यापलीकडं, हाकेच्या अंतरावर, एक रिकामं खोपट उभं केलं: ज्याला गाठ येईल त्यानं घरच्या एका माणसासह तिथं जायचं, दहा दिवस अलीकडं यायचं नाही. आणि रोज सूर्य उगवताना हजेरी.

हजेरीवरून पहिल्याच सकाळी भांडण झालं. मी नावं पुकारायला लागलो तशी पाचव्या खोपटातली सारजाबाई पदर खोचून पुढं आली. "सुभेदार, आमच्या सुनांची नावं तुमी रोज माळावर बोंबलणार व्हय? आन मालक न्हाईत म्हणल्यावर त्यांच्या नावाला मी 'ओ' देऊ? आमी मालकांचं नाव घेत न्हाई." आमच्या आळीतल्या बायाही पडद्याआडून तेच म्हणाल्या. मी पुष्कळ समजावलं. शेवटी तोड निघाली ती अशी की नावं नाहीत, तोंडं नाहीत, नुसता आकडा. मी खोपटाचा नंबर पुकारायचा, दारातल्या पुरुषानं आकडा सांगायचा, मी 'ठीक' म्हणून पुढं जायचं. "खोपट चौथं!" "सात हजर!" "ठीक!" सुरुवात माझ्या खोपटापासून. मीच पुकारायचं, "खोपट पहिलं!" मीच उत्तर द्यायचं, "दोन हजर!" आणि मीच म्हणायचं, "ठीक!" लोक हसायचे. मीही हसायचो. पलटणीत मी एकतीस वर्षं प्रत्येक शिपायाचं तोंड पाहून हजेरी घेतली होती. इथं मी आकड्यांवर समाधान मानलं.

हजेरी झाली की मी चिठ्ठी लिहायचो. 'सर्व हजर, सर्व ठीक.' खाली सही. कागद आमच्याच आळीतला, जाड आणि पांढराशुभ्र. सोपान तो मुंडाशात खोवून कचेरीत पोचवायचा. चौदा दिवस अशा चिठ्ठ्या गेल्या. आजूबाजूच्या गावांत माणसं पटापट जात होती आणि माझ्या छावणीत एक नाही. माझी छाती फुगली होती. ताजबी एकदा म्हणालीसुद्धा, "इतकं चांगलं असत न्हाई कधी." मी म्हणालो, "ही शिस्त आहे."

पंधराव्या दिवशी ताजबी उठली नाही. अंग तापलं होतं. "उसण भरलीया," ती म्हणाली. मी तिचा हात वर केला तर ती कळवळली. काखेत लिंबाएवढी गाठ होती.

बाहेर सूर्य वर येत होता. लोक आपापल्या दारांत उभे होते. मी बाहेर गेलो आणि पुकारलं, "खोपट पहिलं!" आणि मीच म्हणालो, "दोन हजर." आणि मीच म्हणालो, "ठीक." मग एकतीस खोपटं झाली, चिठ्ठी लिहिली, सही केली. हात कापला नाही याची मला अजून लाज वाटते.

अर्ध्या घटकेत सारजाबाई आली. पदराखाली जवसाचं गरम पोटीस होतं. मी दार अडवून उभा राहिलो. "तुम्हांला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? 'दोन' म्हणताना तुमी खाली बघितलं," ती म्हणाली. "आमी बी तसंच बघतो."

"आमी म्हणजे कोण?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुमाला ठाव न्हाई? खरंच?" मग हळूच सांगायला लागली. तिची सून बयाबाई सहा दिवस तापात होती. नवव्या खोपटात दोघे पडून होते. आणि माझ्या चुलतपुतण्याची, गफूरची आई बिबिजान, म्हणजे माझी भावजय, चार दिवसांपूर्वी गेली होती. पहाटे गुपचूप मूठमाती दिली होती. त्या सकाळी गफूरनं दारात उभं राहून 'सहा हजर' म्हटलं होतं. मी 'ठीक' म्हणालो होतो.

"मला का नाही सांगितलं?"

"आमाला वाटलं तुमाला सगळं ठाव हाय," सारजाबाई म्हणाली. "रोज 'ठीक' म्हणता, आन फुडं जाता. कुणाच्या खोपटात वाकून बघत न्हाई. आमी म्हणलं, सुभेदार जाणून झाकतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक दिवा लावताना तुमचं नाव घेत्यात, देवमाणूस म्हणत्यात."

देवमाणूस! फुकटफौजदार म्हणत होते तेच बरं होतं. ज्या शब्दानं मी त्यांना तपासणीपासून वाचवत होतो, त्याच शब्दाखाली चौदा दिवस रोग पसरत होता. खरं लिहावं तर डॉक्टर येणार, ताजबीला औषध मिळणार, पण मागोमाग शेड, होळी, कोंडवाडा. ज्या लोकांनी माझ्यावर भरवसा ठेवला त्यांना मीच धरून दिल्यासारखं. न लिहावं तर सगळेच एकेक करून जाणार, आणि पहिली ताजबी. इकडे आड, तिकडे विहीर. बर्म्यात जंगलात वेढलो गेलो तेव्हासुद्धा बाहेर पडायची एक वाट ठाऊक होती.

ताजबीनं सगळं ऐकलं होतं. तिनं मला जवळ बसवलं. "आपली सितारा गेली तवा मी तुमाला काय लिवून धाडलं व्हतं, आठवतंय?"

मला आठवत होतं. सितारा आमची एकुलती एक लेक, पाच वर्षांची होऊन गेली. मी एडनला होतो. मला पत्र आलं ते असं: येथील सर्व ठीक आहे. लेक गेल्याचं मला अकरा महिन्यांनी, रजेवर आल्यावर दारात कळलं. तेव्हा मी तिच्यावर ओरडलो होतो. ती म्हणाली होती, "लांब व्हता. कळवून काय केलं असतं?"

"आता लांब न्हाई ना तुमी?" ती म्हणाली. "आता तरी खरं लिवा. मला शेडीत नेतील तर नेऊ द्या. बयाबाई तरणी पोर हाय."

दुसऱ्या सकाळी मी दारात उभा राहिलो. "खोपट पहिलं! एक हजर, एक आजारी!" मी बाकीची खोपटं पुकारली नाहीत. एवढंच म्हणालो, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मी डॉक्टर बोलावतोय. शिव्या द्यायच्या तर मला द्या." चिठ्ठीत लिहिलं: 'माझी बायको गाठीनं आजारी. इतर खोपटांतही आजारी आहेत. डॉक्टर ताबडतोब पाठवावा.' सही केली. सोपानच्या हातात दिली आणि उद्यापासून हजेरी तू घ्यायची असं सांगितलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, चिठ्ठीकडं पाहिलं, आणि ती मुंडाशात खोवली. मग मी ताजबीला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडला. नियम माझाच होता.

कचेरी तासाभराच्या वाटेवर. दुपारपर्यंत डॉक्टर यायला हवा होता. मी पाणी पाजत होतो, पोटीस बदलत होतो, वाटेकडं बघत होतो. दुपार गेली. संध्याकाळ झाली. ताजबी विचारायची, "आला का?" मी म्हणायचो, "येईल." ती रात्र मी बसून काढली.

सकाळी पलीकडून सोपानचा आवाज आला. हुबेहूब माझ्यासारखा, छातीतून. "खोपट पयलं!"

मग गफूरचा आवाज, खणखणीत. "दोन हजर!"

"ठीक!"

मी धावत ओढ्याच्या काठाशी आलो. "सोपान! चिठ्ठी कुठंय?" त्याच्या मुंडाशाच्या घडीतून पांढऱ्या कागदाचं टोक दिसत होतं. तो आमचाच जाड कागद, लांबूनही ओळखू येत होता.

"काळजी नगा करू, सुभेदार!" तो ओरडला. "गफूरनं दुसरी लिवली, तुमची सही काढली. कचेरीत सगळं ठीक हाय! वैनीसायबांना कुणी शेडीत न्हेणार न्हाई! तुमी आमाला झाकलं, आमी तुमाला झाकतो!" आणि त्यानं मला सलाम ठोकला. मीच शिकवला होता.

मी खूप ओरडलो. नालायकांनो म्हणालो, तिला डॉक्टर पाहिजे म्हणालो. ते हात हलवत राहिले. त्यांना वाटलं असेल, मी वरवरचं बोलतोय, रोज 'ठीक' म्हणायचो तसं. आपलेच दात, आपलेच ओठ. स्वतः कचेरीत जावं तर तासभर जायचं, तासभर यायचं. तोवर तिच्या तोंडात पाणी कोण घालणार? मी परत आत आलो.

"काय म्हणाला सोपान?" ताजबीनं विचारलं. "डाक्टर निगाला का?"

"निघालाय," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत होती. मी खाली बघत होतो. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "ठीक."

दुपारी ती गेली. खड्डा मीच खणला, नमाज मीच पढलो. पलीकडं सगळी छावणी दोरीपाशी येऊन उभी होती. सारजाबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. अलीकडं कुणी आलं नाही. नियम त्यांनी पाळला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा मी कबरीपाशी बसलो होतो. पलीकडं सोपान उभा राहिला. "खोपट पयलं!"

गफूरनं खाली बघत म्हटलं, "दोन हजर."

सोपाननं तोंड उघडलं, पण त्याच्यानं पुढचा शब्द बोलवेना. हजेरी तिथंच अडली. एकतीस दारांतली माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी 'नाही' म्हणालो असतो तर सोपान त्याच पावली कचेरीत गेला असता, एवढं मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. बयाबाई तेव्हा जिवंत होती. नवव्यातले दोघेही जिवंत होते. पण डॉक्टरामागोमाग येणारी शेड आणि होळी माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली, ताजबीला उकरून खात्री करणारी माणसं उभी राहिली, आणि मी एकतीस वर्षं हजेरी घेतलेला म्हातारा शिपाई, हजेरी अडलेली मला बघवेना.

"ठीक," मी म्हणालो.

सोपान पुढं गेला. "खोपट दुसरं!"