ओला ब्रश

ब्रश ओला होता. हिरव्या दांडीचा, मऊ केसांचा, मोरीवरच्या स्टीलच्या पेल्यात मान टाकून उभा — आणि टोकाला पाण्याचा एक थेंब, पडू की नको असं करत लटकलेला. जनकाबाईनं तो बोटानं टिपला. लेकानं, प्रेमानंदनं, बुलढाण्याहून आणला त्या दिवसापासून तिनं या ब्रशला तोंड दाखवलं नव्हतं. तरी रोज सकाळी हा आपला न्हाऊन तयार. घरात माणसं तीन. लेकाचा निळा, सुनेचा पांढरा, दोन्ही त्यांच्या त्यांच्या जागी... मग हा कुणाच्या तोंडात जातो? की कुणाच्याच नाही — फक्त भिजवून ठेवतात? तसं असेल तर ते जास्तच वाईट, कारण चोरी समजते, हे काय ते समजत नाही.

धम्मशीलेचं काम, दुसऱ्या कुणाचं नाही. तीन वर्षं झाली या सुनेला येऊन, एकदा उलट शब्द नाही. बोलणारी सून बरी, भांडण अंगणात तरी दिसतं.

कोनाड्यातून तिनं आपला पावडरचा जुना डबा काढला. राखुंडी — गोवरीची राख आणि मीठ, लोकांना सांगायचं ते एवढंच. तव्यावर काळा केलेला तंबाखू त्यात असतो, तो कुणाला दाखवत बसायचा? वास ज्याला येतो त्याला येवो. बोटावर घेतली, पुढं घासली, उजवीकडं घासली, डावीकडं आली तसा हात आपोआप हलका झाला. खालची दाढ जिभेनंसुद्धा हलत होती आता, खुंटा ढिला झालेल्या म्हशीसारखी, इकडं ओढ, तिकडं ओढ. ती थुंकली. काळ्यात लाल. तांब्याभर पाणी ओतलं, वर आणखी एक, लाल धार मोरीच्या तोंडात जाईस्तोवर बघत राहिली, आणि मान वर केली तर दारात सून.

"मिठाचं कोमट पानी ठेवलं आत्याबाई. चूळ भरून पाहा."

"काऊन? मले काय झालं?"

"काई नाई. मलेबी लागते रोज, म्हनून दोघींचं केलं."

दोघींचं. जसं काही तिच्या हिरड्यांतूनही रक्त येतं. आणि भाकरी? महिना झाला, ताटात भाकरीचा मधलाच भाग येतो, वरणात बुडवला की विरघळणारा. कडक कडा सून आपल्या ताटात ओढते आणि म्हणते, मले कडाच आवडतात. आवडतात! माहेरून येताना कडा खायचं सांगून पाठवलं होतं काय... मी काय पाळण्यातली आहे? डाळीत काळं आहे, आणि ते काळं कोठीच्या किल्लीपर्यंत जातं, हे जनकाबाईला दिसत होतं.

कारण या घरात दाणा कोठीत जातो तो जनकाबाईच्या दाताखालून. हरभरा असो की तूर, डाव्या दाढेखाली धरायचा, दाबायचा. कट् वाजला तर वाळला, नुसता चेपला तर परत उन्हात. तिच्या शब्दावर भरलेल्या दाण्याला कधी बुरशी धरली नाही. गल्लीतल्या बाया पदरात दाणे बांधून आणायच्या, मावशी, चावून सांगा. आणि हा मान तिला कुणी सोन्याच्या ताटात दिला नव्हता — एका उन्हाळ्यात, तोवर स्वतःच दाणा चावणाऱ्या सासूनं मूठभर हरभरा तिच्या तळहातावर ओतला होता, तूच पाह्य माय, एवढं बोलून ओसरीवर जाऊन बसली होती, पाठ करून. त्यानंतर कोठीची किल्ली, धाड गावचा बाजार, बियाणं कुणाला द्यायचं कुणाला नाही, सगळं त्या दाण्यामागून चालत आलं. म्हातारीच्या मनात तेव्हा काय होतं... तरण्या जनकाच्या कानात फक्त तो कट् वाजत होता.

दुपारी अंगणभर हरभरा पसरलेला. प्रेमानंदनं चिमूटभर पुढं केला.

"माय, पाह्य बरं. कोठीत भरू का?"

उजवीकडं घेतला असता तर... पण सगळ्या घराला माहीत, माय डावीकडं चावते. आणि सून समोर, पायानं दाणे फिरवत, नजर खाली — खाली नजर ठेवणारी माणसं सगळ्यात जास्त पाहतात. जनकाबाईनं दाणा डावीकडं ठेवला. दाबला. कळ कानशिलापर्यंत गेली, डोळ्यांपुढं ऊन काळं झालं, आणि दाणा घसरून हिरडीला जाऊन बसला. आवाज नाही. चेपला होता की दातच चेपला होता, देव जाणे.

"अजून एक ऊन दे."

"आभाळ भरून राह्यलं माय. भिजला तं सारा माल काळा पडन."

"मी सांगून राह्यली ना."

ती वळली. तीन पावलंही गेली नसेल, आणि पाठीमागं — कट्. वाळलेली काटकी मोडावी तसा. तिनं चटकन पाहिलं. धम्मशीला दाणे फिरवत होती, तोंड मिटलेलं, जबडा स्थिर.

म्हणजे कळलं हिला. हरभरा वाळलाय हेही, आणि बाकीचंही. आता बोलेल. आता नवऱ्याला बाजूला घेईल, संध्याकाळपर्यंत गल्लीत होईल, चणे आहेत तर दात नाहीत... जनकाबाई ओसरीवर बसून वाट पाहत राहिली. सून दाणेच फिरवत राहिली. दिवस कलला, वारा सुटला, लिंबाची पानं अंगणात यायला लागली, आणि तिला स्वतःला उठून सांगवेना की उचला — सांगायचं म्हणजे दुपारचं गिळायचं.

ती आत जाऊन बसली, आणि मग भिंतीपलीकडून, अंगणातून सुनेचा आवाज आला.

"उचला हो भराभर. आत्याबाईनं सांगतलं, ढग उतरले तं वाट पाहू नका, कोठीत टाका."

"मंग दुपारी नाई काऊन म्हने?"

"दुपारी नरम होता जरासा. आता झाला म्हनतात."

प्रेमानंद हसला. "मायचा दात म्हनजे मशीन आहे. ब्रश करून राह्यली ना थे रोज?"

"हाव. ओलाच तं असते सकाळी."

जनकाबाई हलली नाही. असं तिनं काही सांगितलं नव्हतं. तिच्या तोंडात कुणीतरी तिचेच शब्द ठेवले होते, आणि ते नेमके तेच होते जे तिनं सांगायला हवे होते. किती दिवस झाकतेय ही? दाढ हलायला लागली त्याच्या आधीपासून? दया करते? दया असेल तर चुलीत जाओ. आणि दया नसेल तर... झाकणारा माणूस झाकण आपल्याच हातात ठेवतो. आज ठेवतो, उद्या सोयीनं उचलतो. आपलेच दात अन् आपलेच ओठ, पण यात दात कोण आणि ओठ कोण?

पोती आत येत होती तेव्हा ती मोरीवर गेली. ब्रश आता कोरडा होता. तिनं मागं पाहिलं, दार लोटलं. नळाखाली धरला, डावीकडं नेला — जनावराच्या अंगावरून हात फिरवावा तसा, हळू. बोटासारखा तो दाबत नव्हता. दुखलं, पण सोसेल इतकं. मग झाकून ठेवलेलं मिठाचं पाणी. ते थंड झालं होतं, आणि झोंबलं. पाण्यात लाल कमी होतं की उजेडच कमी होता, हे तिला नीट दिसलं नाही.

राखुंडीचा डबा कोनाड्यात होता तिथंच होता. त्याला तिनं हात लावला नाही, फेकायलाही नाही.

ब्रश पेल्यात उभा केला, मान सून येते त्या दाराकडं वळवून. उद्या कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, धम्मशीलेच्याही आधी. ती येईल भिजवायला, हात पुढं करेल, आणि ब्रश आधीच ओला असेल — मग बघत राहू दे तिला त्या थेंबाकडं. कुणी केला, काऊन केला... करू दे जरा तिलाही विचार.