ब्रायर काउंटीची काकवी

सभागृहातल्या प्रत्येक मेजावर काकवीची एकेक बरणी ठेवली होती आणि वर गॅलरीत बसलेल्या ओर्लीनची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. टेनेसीची विधानसभा आज ब्रायर काउंटीच्या गौरवाचा ठराव करणार होती. तिथल्या तंबाखूचा, लाकूड गिरण्यांचा आणि गोड ज्वारीच्या काकवीचा.

काकवी ओर्लीनची. नवरा हॉबर्ट गेल्यावर ती रस आटवायच्या काहिलीपाशी पहिल्यांदाच एकटी उभी राहिली होती. शेवटच्या काहिलीच्या वेळी पाऊस आला, सरपण भिजलं, आणि तिने काकवी जरा कच्चीच उतरवली. थंडीभर बरण्या शांत राहिल्या. पण कच्ची काकवी उबेत आंबून फसफसते, आणि इथे हीटर धगधगत होते.

"वहिनी, किती ती चुळबूळ! बाकाला खिळे आहेत का?" दीर वर्जिल कुजबुजला.

"गप्प बसा हो भावजी. उकडतंय."

"बाईमाणसाला काहील झेपत नाही, चुलाण माझ्याकडे द्या म्हणालो होतो. हरलो बुवा. चुलाण यापुढेही तुमच्याकडेच."

ओर्लीनला आणखीच घाम फुटला.

खाली त्यांचा आमदार क्लेटन ठराव वाचू लागला. अर्ध्यावर आला असेल नसेल, तोच फट्! एका मेजावरचं झाकण उडालं आणि फेस कागदांवर ओघळला.

"कुणाची?" क्लेटन सवयीने ओरडला आणि लगेच जीभ चावली.

ब्रायरमध्ये चर्चच्या जेवणात बरणी फसफसली की सगळे असंच ओरडत, आणि ती करणाऱ्याने उठून उभं राहायचं. जो लपे, त्याची काकवी पुढे कुणी घरात घेत नसे.

हशा आवरायला सभापती घाईने म्हणाले, "ब्रायरच्या पाहुण्यांनी उभं राहावं."

सगळे उठले. टाळ्या झाल्या. सगळे बसले. ओर्लीन उभीच राहिली.

"माझी," ती म्हणाली.

गॅलरीत बोलायला बंदी होती. दारावरचा शिपाई लगबगीने निघाला. वर्जिलने तिचा कोट ओढला. "बसा ना वहिनी! कुणाला कळलं असतं?"

"तुम्हाला. चुलाण हवंय ना? घ्या."

वर्जिलने टोपी हातात चुरगळली. मग तोही उठला.

"सरपण झाकायचं काम माझं होतं," तो खाली सभागृहाकडे बघून मोठ्याने म्हणाला. आणि हळूच, "पुढच्या वर्षी झाकीन. काहिलीपाशी तुम्हीच."

तेवढ्यात खाली दुसरी बरणी उडाली.